आजी लोकांसाठी भाजीच्या चिठ्ठ्या, माझा अनुभव

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या वस्तीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका बऱ्याच आहेत, त्यांच्या घरी डब्यात धान्य असते पण टोपलीत भाजी नसते. रेशनचं माणशी 5 किलो धान्य फुकट मिळते, सरकारच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 येतात ते खोलीभाडं, लाईट बिल अन् बीपीच्या गोळ्यांत जातात, मग रोज पातळ वरण नाहीतर चटणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या, इथं आठवड्यात तेवढी पोटात जात नाही हे मी रोज पाहून राहिली होती.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिनं सांगितलं, तिकडे 60 च्या वरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार सीझनमध्ये कुपन देते, ते शेतकऱ्यांच्या बाजारात चालते, त्यावर ताजी फळं, भाजी, मध असंच घेता येते. मला त्यातलं एवढंच फार आवडलं की कोणी पिशवी भरून दारात आणून ठेवत नाही, म्हातारं माणूस स्वतः जाऊन निवडून घेते.

मग भिशीतल्या आम्ही बायकांनी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढले अन् तशाच चिठ्ठ्या काढायचं ठरवलं, आजी बाजारात चिठ्ठी देऊन भाजी घेईन अन् तिचे पैसे आम्ही देऊ. कोणाला द्यायचं यावर लय चर्चा झाली, एक काकू म्हणे उत्पन्नाचा दाखला मागा, मी साफ नाही म्हटलं, 10-20 रुपयाच्या भाजीसाठी त्या आजीला तहसीलीत काऊन पाठवायचं बाप्पा? रेशन कार्ड पाहिलं, झालं.

खरं काम बुधवार बाजारात होतं. 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, म्हणजे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो, पण बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसते. ज्याच्याकडे शिमला मिरचीपासून फुलकोबीपर्यंत सगळं रचलेलं आहे तो पहाटे कॉटन मार्केटच्या ठोक भाजीबाजारातून माल उचललेला, अन् ज्याच्याकडे दोन-तीनच भाज्या आहेत, पालकाच्या मुळाला ओली माती आहे, तो शेतातून आलेला. आम्हाला हे दुसरे पाहिजे होते, कारण अर्धी जुडी द्यायला ते कुरकुरत नाहीत. पण त्यांची शंका बरोबर होती, "ताई, या कागदाचे पैसे देईन कोण?" म्हणून ठरवलं की शेतकरी भाऊ पाटी उचलायच्या आधी त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या मोजून रोख नाहीतर फोनपे. पहिल्या बाजारी पैसे वेळेवर हातात पडले अन् पुढच्या बाजारी बाजूचे दोघं स्वतःहून विचारत आले.

चिठ्ठी 10 रुपयाची ठेवली, मोठी नाही, कारण एकट्या माणसाला पावकिलो वांगी अन् थोडा सांभार (कोथिंबीर), बस झालं, अन् सुट्टे परत द्यायची कटकट नाही. एका आजीला दात नाहीत, ती लाल कोहळं अन् पालकच घेते. पण परवा वांग्यापाशी थांबली, एक उचललं, देठ पाहिला, अंगठ्यानं दाबलं अन् परत ठेवलं, "बाबू, हे कालचं आहे, त्या पोत्यातलं काढ." त्यानं काढलं! शेजारणीसाठी घेऊन राहिली होती ती. एवढी ठसक्यात तिला मी पहिल्यांदा पाहिलं.

एक आजी मात्र चिठ्ठी घेईना, "मी काय मागून खाणारी आहे का?" तिला आम्ही चिठ्ठ्यांवर शिक्के मारायला बसवलं, आता ती कामाची म्हणून घेते. पिशव्या उचलायला कॉलेजची पोरं येतात, दुपारी चारलाच जातो, गर्दीत म्हाताऱ्या माणसाला धक्के लागतात.

चिंता उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे मध्ये पालेभाजी महाग होते, तेव्हा 10 च्या चिठ्ठीत काही येत नाही, म्हणून थंडीत भाजी स्वस्त असतानाच थोडे पैसे मागे टाकून राहिलो अन् तेव्हा दोन चिठ्ठ्या जास्त देऊ. तुमच्या भागात कोणाला सुरू करायचं असेल तर आधी शेतकऱ्यासोबत त्याच दिवशी पैसे द्यायचं पक्कं करा, चिठ्ठ्या नंतर छापा.