हॉर्नचा सूर नेमका कुठे उतरतो

आमच्या वेळी शाळेच्या मैदानामागून रेल्वेलाईन जायची, अजूनही जाते. नववीत विज्ञानाच्या सरांनी संगीताच्या बाईंना पेटी घेऊन मैदानात बोलावलं, एक्स्प्रेस हॉर्न देत गेली आणि बाईंनी सूर धरला, येताना काळी पाच, गेल्यावर काळी चारच्याही जरा खाली! सर म्हणाले, ड्रायव्हरला मात्र पूर्ण वेळ एकच सूर ऐकू येतोय. आवाज देणारी वस्तू हलत असली की ऐकणाऱ्याला सूर बदललेला लागतो, यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात; ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी तो 1842 मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशासाठी मांडला आणि 1845 मध्ये हॉलंडमध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी रेल्वेवर ट्रम्पेटवाले बसवून, रुळाशेजारी सुरांचे जाणकार उभे करून ते तपासलं, हेही तेव्हाच कळलं.

आज मी मुंबईत साऊंड डिझाईन करतो आणि हे रोज लागतं. नवीन मुलं गाडी जवळ येतेय म्हणून पिच, म्हणजे सूर, चढवत नेतात, पण एकसारख्या वेगाने येणाऱ्या गाडीचा सूर लांब असतानाच सगळ्यात वर असतो, तिथून तो फक्त उतरतो, वाढतो तो आवाज. गणित साधं आहे, आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, गाडी ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, तर 440 हर्ट्झचा हॉर्न येताना जवळपास 475 आणि जाताना 410 ऐकू येतो, अगदी समोर असताना निघालेला आवाज तेवढा 440. आता तो उतरतो कसा हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर, रुळाला खेटून असाल तर धाडकन पडतो, शंभर मीटरवर असाल तर मींड घेतल्यासारखा सरकतो. म्हणून मी कॅमेरा किती लांब आहे ते आधी बघतो, पिचला मग हात लावतो.

डॉप्लरचं प्लगइन, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आतून डिलेच असतं, म्हणजे आवाज जरा उशिरा सोडणं, 34 मीटरला साधारण 0.1 सेकंद, अंतर घटतं तसा डिले घटतो आणि सूर आपोआप चढा लागतो. पण त्याला आवाज गाडीत बसून रेकॉर्ड केलेला, एकाच स्पीडचा द्यायचा, रस्त्यावरून घेतलेल्या आवाजात डॉप्लर आधीच असतो आणि तो दोनदा लागला की कानाला लगेच खोटं वाटतं.

शाळेच्या महोत्सवात नववी-दहावीच्या मुलांसाठी एक तास मिळाला तर लॅपटॉप, स्पीकर घेऊन मी येतो, हे सगळं समोर ऐकवून दाखवायची फार इच्छा आहे.