मक्याच्या शेतातलं बेसबॉल

काल रात्री ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा सिनेमा परत बघितला, १९८९चा, केविन कॉस्टनरचा. अमेरिकेतल्या आयोवातला शेतकरी, शेतात आवाज ऐकू येतो आणि हा उभा मका आडवा करून बेसबॉलचं मैदान बनवतो, मग मेलेले खेळाडू मक्यातून चालत बाहेर येतात. ऐकायला कसंतरीच वाटतं ना, पण बघताना मी विश्वास ठेवते, दरवेळी.

बर्ट लँकेस्टरचा डॉक्टर ग्रॅहम तर मला फार आवडतो. तो खराच होता, १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच मॅच खेळला आणि बॅटिंग मिळालीच नाही, नंतर मिनेसोटात डॉक्टर झाला. सिनेमात तो त्या मैदानात तरुण होऊन खेळतो, आणि मैदानाची रेषा ओलांडली की परत तरुण होता येणार नाही हे माहीत असून घशात घास अडकलेल्या छोट्या मुलीसाठी ओलांडतो, तिथे मी पूर्ण हरले.

पण जेम्स अर्ल जोन्सचं ते भाषण... आवाज काय सुंदर आहे, मात्र बेसबॉल म्हणजे सगळं चांगलं होतं त्याची आठवण असं तो म्हणतो आणि समोर मैदानात सगळे गोरे. १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते, मग निदान त्या मक्यातून तरी एखादा यायला हवा होता, स्वप्नच आहे ना? हे मला खरंच लागलं.

आणि तरी शेवटी तो शेतकरी आणि मक्यातून आलेले त्याचे वडील, बापलेक कॅच खेळायला लागले तेव्हा मी रडलेच. बाबांना फोन केला, साडेअकरा वाजले होते.