सोनचाफ्याची काडी

चाफा या नावाने मला चांगलंच गंडवलं. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जो पांढरा देवचाफा आहे, तो कुणीतरी तोडून टाकलेल्या फांदीतून आलेला. फांदी आठवडाभर सावलीत ठेवायची, चीक सुकला की मातीत खोचायची, झालं झाड. सोनचाफाही चाफाच की, म्हणून वसईला आत्याच्या अंगणातून पाच फांद्या आणल्या, नेमाने सहा दिवस सुकवल्या आणि लावल्या. सुकल्याच होत्या त्या, पुढे काय होणार!

मग जरा वाचलं. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, मूळचा अमेरिका खंडातला. सोनचाफ्याचं कूळच वेगळं. लिनियसने १७५३ मध्ये त्याला मिशेलिया चंपाका म्हटलं होतं. आता तो मॅग्नोलियात गणला जातो. म्हणजे परदेशातल्या फोटोंत दिसणाऱ्या त्या गुलाबी मॅग्नोलियाचा हा सख्खा भाऊबंद. खूण घरबसल्या दिसते. सोनचाफ्याचं नवं पान लवदार टोपीत गुंडाळलेलं असतं. टोपी गळली की पेराभोवती अंगठीसारखी रेघ राहते. देवचाफ्याला ही रेघ नाही. त्याच्या मांसल फांदीत पाण्याचा साठा असतो, तोही सोनचाफ्याच्या काडीत नसतो. ती तोडल्या क्षणापासून कोमेजायला लागते.

कलम का नाही आणलं, असं विचाराल. आणलं होतं, दोनदा. पहिलं उन्हाळ्यात गेलं. दुसऱ्याचा फुटवा काय जोमात! वर्षभर खतपाणी घातलं, मग कळलं की तो जोडाच्या खालून, खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा होता. वरचं कलम कधीच वाळलेलं. शिवाय मला आत्याच्याच झाडाची फुलं हवी होती. केशरीकडे झुकणारी, बाजारातल्यापेक्षा गडद. बी पेरलं तर तोच रंग येईल याची खात्री नाही आणि फुलासाठी वर्षानुवर्षं थांबायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात दहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळूत लावल्या, वरून प्लास्टिकची पिशवी. विसाव्या दिवशी तीन काड्यांना पानं! मी आत्याला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "अगं, पान काय दाखवतेस? मूळ आलंय का?" हलकेच ओढून पाहिलं तर काडी अलगद हातात आली, बुडाशी काळी, बुळबुळीत. आपल्यातल्या शिदोरीवर तिने पान काढलं होतं.

गेल्या जुलैत मात्र हावरटपणा सोडला. फुलांनी लदलेल्या शेंड्याच्या फांद्या न घेता बुंध्याजवळचे, त्याच वर्षीचे, पेन्सिलीएवढे जाड फुटवे घेतले. कोवळ्या वयाच्या लाकडाला मूळ लवकर सुटतं. काडी वीतभर, काप पेराच्या अगदी खाली. वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापली. बुडाशी एका बाजूची साल इंचभर तासली आणि मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर लावून झटकली. पेन्सिलीने आधी भोक पाडून मगच काडी आत सोडली, नाहीतर पावडर काठावरच पुसली जाते. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये, हे दुसऱ्या वर्षीच्या काळ्या बुडांनी शिकवलं.

आणि कुंडीऐवजी प्लास्टिकचे पारदर्शक ग्लास, तळाला भोकं, बाहेरून काळा कागद. कागद सरकवला की आत दिसतं, उपटायची गरज नाही. वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली. रोज सकाळी दहा मिनिटं बाटली काढायची, बुरशी दिसली तर ती काडी बाहेर. जागा स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत; ऊन नाही, उजेड भरपूर. नवरा त्या रांगेला "दवाखाना" म्हणायचा.

बारापैकी पाच पंधरवड्यात गेल्या, चार नंतर हळूहळू. अकराव्या आठवड्यात एका ग्लासच्या भिंतीला पांढरं काहीतरी टेकलेलं दिसलं. बुरशी असेल म्हणून चष्मा लावून पाहिलं. मूळ होतं, शेवईपेक्षा जाड. पुढच्या दहा दिवसांत आणखी दोघींना आलं.

त्यातली एक मीच मारली. सोनचाफ्याची मुळं गुबगुबीत आणि ठिसूळ; ग्लास उलटा करून थोपटला आणि कोकोपीटसकट मुळं खाली पडली, काडी हातात. उरलेल्या दोघींचे ग्लास कात्रीने उभे चिरले आणि गोळा न हलवता आठ इंची कुंडीत ठेवला.

एक रोप आत्याला द्यायला गेले. तिने पानं उलटसुलट करून पाहिली. "छान आलंय. पण मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, खालच्या फांदीला गुटी बांध. झाडावरच मुळं सुटली असती, एवढी बाळंतपणं कशाला?"

म्हणाली होती खरंच. या पावसात बांधणार आहे गुटी: फांदीची साल कड्यासारखी सोलायची आणि तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं. माझं रोप आता गुडघ्याएवढं झालंय, फुलाचा पत्ता नाही. पण परवा खिडकीच्या कट्ट्यावर एक लवदार टोपी गळून पडलेली सापडली.