हरभऱ्याच्या आंबेवर घेतलेला आळ

तीन वर्षांपूर्वीच्या रब्बीत आम्ही टोमॅटो आणि हरभरा दोन्ही पोखरणाऱ्या घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही आणलं. अळीला रोग लावणारा हा विषाणू. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याचा त्रास नाही. उन्हात तो टिकत नाही, म्हणून दिवस कलल्यावर, पाण्यात नीळ कालवून, एकाच पंपाने आधी टोमॅटोवर आणि मग शेजारच्या हरभऱ्यावर मारला.

सहाव्या दिवशी टोमॅटोच्या शेंड्यांना अळ्या उलट्या लटकलेल्या. काडी लागली की कातडी फुटून काळपट पाणी गळायचं. ते ज्या पानावर सांडतं ते पान पुढची अळी खाते आणि तिलाही रोग लागतो. साथ पसरते ती अशी. हरभऱ्यात मात्र लटकलेली अळी शोधावी लागत होती. बाकीच्या तोंड घाट्यात, धड बाहेर, खातच होत्या.

दादांनी दुकानदाराला बोल लावला, मी आंबेला, म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर पाझरणाऱ्या आंबट रसाला. आजी पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरायची, दवासकट आंब टिपून बाटलीत पिळायची. पोट दुखलं की चमचाभर द्यायची. दात आंबवणारं ते मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. त्यात विषाणू कसा तगेल, असं मला अगदी पटलं होतं.

नंतर 2010 सालचा एक शोधनिबंध वाचला आणि माझं म्हणणं पार कोसळलं. हरभऱ्याच्या पानावर तासभर राहिलेला विषाणू कायमचा दुबळा होतो, हे खरं. पण आम्लं तपासली तर त्यांनी त्याला काहीच केलं नव्हतं. विषाणूचा जोर मोडणारी निघाली बायोकॅनिन ए आणि सिसोट्रिन, पानात अगदी थोडी असणारी दोन आयसोफ्लेव्होनॉइड्स, म्हणजे झाड स्वतःच बनवतं अशी रसायनं. फवारणीनंतर तासाभरात ती तिपटीपर्यंत वाढतात. विषाणूच हवा असंही नाही, नुसतं द्रावण मारलं तरी वाढतात. सगळा परिणाम त्यांचाच नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी मला ते वाचून गलबलून आलं. झाड स्वतःच्या रक्षणासाठी जे पानावर आणतं, तेच त्याला पोखरणाऱ्या अळीला रोगापासून वाचवतं!

आता आम्ही अळी सुतासारखी बारीक असतानाच फवारतो, कारण तेव्हा तिला थोडा विषाणूही पुरतो. जोडीला अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला पक्षीथांबे आणि मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे असतातच.

दादांना हे सारं सांगितलं तेव्हा त्यांनी हरभऱ्याचा शेंडा खुडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "दुकानदाराला उगाच बोललो गं."