दार लावणारा माणूस

रेफरलच्या कागदावर एवढंच होतं: वय 81, पार्किन्सन्स, घरात वारंवार पडतात, मुलगी सोबत राहते. व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’. या रकान्यावर माझा राग आहे. टिमिन्स हे कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओतलं सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. 1909 मध्ये इथे सोनं सापडलं आणि हॉलिंजर, डोम, मॅकिन्टायर अशा मोठमोठ्या खाणी उभ्या राहिल्या. इथल्या ऐंशीच्या घरातल्या माणसाला खाणीबद्दल न विचारणं म्हणजे मुंबईत गिरणगावातल्या म्हाताऱ्याला गिरणीबद्दल न विचारणं. पण पाठवणारे डॉक्टर विचारत नाहीत. मी बल्लारपूरची. वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा खाण कंपनीतून निवृत्त झालेल्या माझ्या काकांचा खोकला घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे ‘विडीचा’ म्हणून मिटवला गेला, त्यामुळे हा राग जुना आहे.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. आजोबांचं नाव लिहीत नाही. लिहिण्याआधी त्यांच्या मुलीला विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचे वडील आता क्रोएशियात असलेल्या एका खेड्यातून इथे शूमाकरला आले. टिमिन्सला लागूनच असलेल्या या वस्तीत क्रोएशियन कुटुंबं पुष्कळ. वडील खाणीत होते, म्हणून अठराव्या वर्षी हेही खाणीत गेले. यात ठरवण्यासारखं काही होतं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

पार्किन्सन्सचा पेशंट चालता चालता थिजतो. धड पुढे निघतं, पाय जमिनीला चिकटून राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. हे हमखास दारात होतं, वळताना होतं, किंवा कुणी ‘लवकर चला’ म्हटलं की होतं. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतात, कारण मघाशी हाच माणूस जिना चढलेला असतो. पण जिना चढता येतो तो पायऱ्या दिसतात म्हणूनच. आपोआप होणारी चाल मेंदूकडून निसटलेली असते; समोर ओलांडायला काही दिसलं की पाऊल दुसऱ्या वाटेने उचललं जातं. म्हणून आम्ही जमिनीवर आडव्या चिकटपट्ट्या लावतो. सोपं वाटतं, पण यातच सगळं कसब आहे. रंग फरशीपेक्षा ठळक वेगळा हवा. दोन पट्ट्यांमधलं अंतर त्या माणसाच्या पावलाएवढं हवं. पुस्तकातलं अंतर मोजून लावलं की पेशंट पट्ट्या मोजत उभा राहतो. पट्ट्या दाराच्या बऱ्याच अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपायला हव्यात. मी आधीच्या कुणीतरी चौकटीपाशी संपवलेल्या पट्ट्या पाहिल्यात, तिथे माणूस चौकटीतच अडकतो. वळताना जागच्या जागी गिरकी नाही, मोठा वळसा घ्यायचा. आणि हे सगळं शिकवायचं ते लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरची गोळी लागू झालेली असताना. गोळी उतरल्यावर शिकवलेलं पाण्यात जातं. वेळापत्रक लावणाऱ्या कार्यालयाला हे किती वेळा सांगावं? त्यांना दोन घरांमधलं अंतर दिसतं, गोळीची वेळ दिसत नाही.

स्वयंपाकघरापासून आजोबांच्या खोलीपर्यंत मी पिवळ्या पट्ट्या लावल्या. आजोबांनी खाली बघितलं आणि म्हणाले, “हे तर ड्रिफ्टमधले स्लीपर.” ड्रिफ्ट म्हणजे खाणीतला आडवा बोगदा. त्यात डब्यांसाठी रूळ असतात, आणि रुळांखालच्या स्लीपरवरून माणसं चालतात. एवढं बोलून ते निघाले. खांदे मागे, पाऊल उंच, एकदाही न थिजता खोलीत पोहोचले. मुलगी ओट्यापाशी रडायला लागली. मी माझ्या कामात इतकं सरळ यश क्वचित पाहिलंय.

त्यानंतर ते माझ्याशी खाणीबद्दल बोलू लागले. आवाज फार खोल गेलेला, खुर्ची जवळ ओढून ऐकावं लागे. केजमधून, म्हणजे खाणीतल्या लिफ्टमधून खाली उतरताना कान कसे बसायचे. रोज डब्यातला कोणता घास कुणाला द्यायचा. दरवर्षी छातीचा एक्स-रे. तो स्वच्छ निघाला तरच पुढच्या वर्षी काम. त्या एक्स-रेची भीती त्यांच्या बोलण्यात साठ वर्षांनंतरही होती. सोनं इथे गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झ दगडाच्या शिरांमध्ये आहे. गार फोडली की सिलिकाची धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि फुप्फुस दगडासारखं होत जातं. ऑन्टारिओत सिलिकोसिसला 1926 पासून भरपाई द्यावी लागत होती, त्यामुळे धूळ हा खाणमालकांच्या हिशेबातलाही प्रश्न होता.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे मॅकिन्टायर पावडर. शूमाकरच्या मॅकिन्टायर खाणीत तयार झालेली, ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक, काळी भुकटी. आधी ही फुप्फुसात गेली की सिलिका बाधणार नाही, असा विचार होता. त्यामागे सशांवरचे प्रयोग होते. वारा खेळता ठेवणं, दगडावर पाणी मारणं यापेक्षा भुकटी स्वस्त. 1943 ते 1979 अशी छत्तीस वर्षं ती ऑन्टारिओतल्या हजारो खाणकामगारांना हुंगवली गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियात, मेक्सिकोत, बेल्जियन काँगोतही गेली. नको म्हणणाऱ्याला काम नव्हतं.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. ऑन्टारिओतल्याच एलियट लेकच्या युरेनियम खाणीत काम केलेल्या आपल्या वडिलांचा पार्किन्सन्स कुठून आला हे शोधताना जॅनिस मार्टेल या बाईंनी 2015 पासून ही भुकटी हुंगलेल्या माणसांची नावं जमवायला सुरुवात केली. त्यांचे वडील जिम हॉब्स 2017 मध्ये गेले. पुढे संशोधकांनी खाणकामगारांच्या त्या वार्षिक तपासण्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि भुकटी घेतलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त असल्याचं दाखवलं. 2022 च्या सुरुवातीला ऑन्टारिओने या भुकटीमुळे होणारा पार्किन्सन्स हा कामामुळे झालेला आजार म्हणून मान्य केला. एका बाईने, कुठल्याही पदाशिवाय सुरुवात करून, हे घडवून आणलं. आमच्या क्षेत्रातल्या इतक्या शिकलेल्या लोकांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं, कारण तिने वडिलांना त्यांचं काम विचारलं.

30 नोव्हेंबर 2022 ला प्रांताच्या विधिमंडळात कामगारमंत्री मॉन्टी मॅकनॉटन यांनी या कामगारांची आणि त्यांच्या कुटुंबांची जाहीर माफी मागितली. त्यानंतरच्या माझ्या फेरीत मुलीने टॅबलेटवर ते भाषण लावून ठेवलं होतं. मला वाटलं होतं आजोबांना बरं वाटेल. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “बंद कर. ते माझ्यासाठी नाही. दार मी लावायचो.”

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. विशीत असताना खाली पाय चेंगरला, म्हणून त्यांना काही काळ वरचं हलकं काम दिलं: ड्राय सांभाळायचं. ड्राय म्हणजे कपडे बदलायची मोठी खोली. तिथे कपाटं नसतात. प्रत्येकाची एक साखळी, तिच्या टोकाला आकडे. कपडे, बूट अडकवायचे आणि साखळी ओढून सगळं छताशी चढवायचं, म्हणजे वरच्या गरम हवेत ओले कपडे पुढच्या पाळीपर्यंत वाळतात. पाळी सुरू होण्याआधी माणसं आत आली की हे पंखे बंद करायचे, दार लावायचे, भुकटीचा डबा फोडून जोडायचे आणि दाबाच्या हवेचा कॉक उघडायचे. खोली काळी व्हायची. दहाएक मिनिटं सगळ्यांनी दीर्घ श्वास घ्यायचा. मग दार उघडायचं आणि माणसं केजकडे जायची.

“तुम्ही बाहेर थांबायचात का?” मी विचारलं.

“नाही. आतच. दाराशी.”

एक नवा पोरगा होता, त्यांच्याच वयाचा. दम्याचा असावा. तो एकदा खोकत दारापर्यंत आला आणि म्हणाला, उघड. “मी कडी धरून उभा राहिलो. मला सांगितलं होतं, मध्ये उघडलं तर सगळ्यांचा डोस वाया जातो.” तो पोरगा काही महिन्यांनी काम सोडून दक्षिणेला गेला.

मी म्हणाले, तुम्हाला औषध म्हणून सांगितलं होतं, तुम्ही स्वतःही तेच घेत होता. हे मी मनापासून म्हणाले आणि आजही मानते. कंपनीचे अधिकारी, भुकटी बनवणारे, ती बरी आहे म्हणणारे डॉक्टर, परवानगी देणारे अधिकारी अशी मोठी उतरंड या माणसाच्या डोक्यावर होती. पण त्यांनी माझं बोलणं हाताने बाजूला सारलं आणि म्हणाले, “पोरी, कागद घे.”

त्यांना साखळ्या आठवत होत्या. दाराकडून पहिली रांग, मग खिडकीकडची. कोणत्या साखळीवर कुणाचे कपडे, तो माणूस कुठला, पुढे त्याला काय झालं. स्वतः लिहायला गेले असते तर दुसऱ्या शब्दापर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं असतं. या आजारात तसं होतं. म्हणून व्यायामाच्या चित्रांच्या कागदामागे मी लिहिलं. इटालियन नावं, फिनिश नावं, फ्रेंच नावं, त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. काहींपुढे ‘हात थरथरायचे’. काहींपुढे ‘खोकला’. एकापुढे ‘बायको आहे, पाइन स्ट्रीट’. कुठे अडले तर डोळे मिटून उजवा हात साखळी ओढल्यासारखा खाली आणायचे आणि नाव यायचं. तो हात एरवी कपसुद्धा धरत नसे.

त्या दिवशी चालण्याचा सराव झाला नाही. नोंदीत मी तसंच लिहिलं: सराव नाही, कामाच्या इतिहासाची चर्चा. वरिष्ठांनी बोलावून विचारलं की हे फिजिओच्या कामात कसं बसतं. एका सहकाऱ्याने समजुतीने सांगितलं की आपण पाय बघायचे, बाकी समाजसेवेवाल्यांकडे पाठवायचं. माणूस असा तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतला की त्याचा आजार कुठून आला हे कुणाच्याच वाट्याला येत नाही, असं मी म्हणाले. वाद तिथेच राहिला. कागद मात्र कामी आला. भरपाईच्या अर्जात नवऱ्याने भुकटी घेतली होती हे विधवांनी दाखवायचं कसं, खाणी तर बंद झाल्या. मुलीने प्रती काढून ज्या घरांचा पत्ता लागला तिथे नेऊन दिल्या, आणि दोन घरांनी तो कागद अर्जाला जोडला.

स्वतःच्या अर्जावर आजोबांनी सही केली नाही. मुलगी समजावून थकली. पुढच्या वसंतात न्यूमोनियाने गेले. गिळणं बिघडलं की घास श्वासनलिकेत जातो, पार्किन्सन्सचे बरेच पेशंट असेच जातात.

मृत्युलेखाचा मसुदा मुलीने मला वाचायला दिला होता. खाणीतली नोकरी, बायकोवरचं प्रेम, मासेमारी, शूमाकरच्या रिंकवरची आइस हॉकी, सगळं नीट होतं. ड्रायचं काही नव्हतं. तिच्या भावाचं म्हणणं होतं की तेही घालावं. ती म्हणाली, बाबांना लोकांनी त्यासाठी ओळखायला नको. ती मुलगी आहे, मी बाहेरची. मी गप्प बसले आणि तो मजकूर तसाच छापून आला.

भावाचं बरोबर होतं असं मला वाटतं. या सगळ्या प्रकरणाबद्दल मी जेवढं वाचलं त्यात पावडर दिली गेली, डोस दिले गेले, परवानगी दिली गेली. कुणी दिलं ते वाक्यात येतच नाही. मी ऐकलेल्यांत ‘मी केलं’ म्हणणारा हा एकटाच माणूस, आणि तोही ज्याचा दोष सगळ्यांत कमी. म्हणून त्याने नुसतं दुःख केलं नाही, साखळ्यांची यादी सांगितली, स्वतःच्या अर्जाआधी दुसऱ्यांची. हे मी मुलीला आता सांगितलं आहे. ती म्हणाली, छापायचं तर नाव नको, पण दार लावायचे हे लिही.