व्हाइसची उंची

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं. सोबतच्या चिठ्ठीत 'शाळेबद्दल काहीही लिहा' असं होतं. काहीही म्हटलं तरी गाडी कार्यशाळेच्या बाईंपाशीच जाऊन थांबणार. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मुलींना कार्यशाळा कशाला, हा प्रश्न तेव्हा पालकसभेत दरवर्षी निघायचा. बाई वाद घालत नसत. 'मुलींना कानस चालवता येत नाही' ही त्यांच्या लेखी एक तक्रार होती, आणि तक्रार आली की आधी बिघाड शोधायचा, हा त्यांचा खाक्या.

तो बिघाड त्यांनी आमच्या नववीच्या पहिल्याच तासाला शोधला. पाच-सहा जणी दहा मिनिटांत खांदे चोळत उभ्या. लोखंडी पट्टी सपाट व्हायच्या ऐवजी मधे फुगलेली, कडा उतरलेल्या. पलीकडच्या मुलांच्या बाकावर खसखस पिकलेली. बाईंनी एकीला व्हाइससमोर, म्हणजे पट्टी घट्ट धरणाऱ्या बाकावरच्या शिकंज्यासमोर, ताठ उभं केलं, मूठ हनुवटीखाली धरायला सांगितली आणि कोपर कुठे येतं ते पाहिलं. कोपर व्हाइसच्या जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. तिचं चांगलं चार बोटं खाली होतं. व्हाइस एवढा उंच असला की सगळं काम खांद्यावर येतं, अंगाचा भार कानशीवर पडतच नाही आणि हात लगेच भरून येतात. बघणाऱ्याला वाटतं, पोरीत जोर नाही. बाक बसवणाऱ्याने माप घेतलं होतं ते उंच गड्याचं, आणि दोष गेला मुलींच्या मनगटांना.

दुसऱ्या दिवशी बाकासमोर, आमच्या पायांखाली लाकडी फळ्या आल्या, तीन जाडीच्या. जिची जशी उंची तशी फळी. मग उभं राहण्याची पद्धत: डावा पाय पुढे, पुढे जाताना दाब, मागे येताना दाब सोडायचा. सुरुवातीला डाव्या हाताचा भार जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा. हा बदल चुकला की कानस झोके घेते आणि पट्टीला पोट सुटतं. दात कीस धरू लागले की खडू फासायचा. मूठ सैल असेल तर त्या कानशीला हातच लावायचा नाही, कारण मागचं टोक थेट तळव्यात घुसतं. दिवाळीपर्यंत गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरली की फट दिसायची नाही, आमचीही आणि पलीकडच्या बाकाचीही.

जोराची गोष्ट निघालीच आहे तर पान्याचंही सांगते. ३०० मिलिमीटर पान्याच्या टोकाला १०० न्यूटन जोर लावला तर ३० न्यूटन मीटर पीळ मिळतो. नेहमीच्या मजबूत एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण २५ पुरतो. म्हणजे बेताच्या ताकदीच्या कुणालाही हे जमतं. उलट ताकद दाखवायला पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून पिळलं की आटे जातात, नाहीतर बोल्टच तुटतो. असे तुटलेले बोल्ट बाईंनी एका डब्यात जपून ठेवले होते. ते कुणाचे, हे त्या सांगत नसत. आम्हाला माहीत होतं.

पण माझ्या मते त्यांचं खरं काम वेगळंच होतं. चौघांचा गट केला की मुलगे हत्यार उचलायचे आणि वही आपोआप मुलीकडे यायची. का, तर 'तुझं अक्षर छान आहे.' हे कौतुक मोठं फसवं. अक्षर छान म्हणून वही, वही हातात म्हणून यंत्रापासून चार हात लांब, आणि वर्षअखेरीला 'हिला यंत्र येत नाही' हा शेरा. पुढे कचेऱ्यांमधल्या बैठकांत इतिवृत्त लिहायला बाईमाणसाकडेच का बघतात, त्याचं मूळ इथे आहे. बाईंनी कामं चार केली: जॉब म्हणजे वस्तू घडवणं, माप घेणं, नोंद करणं, हत्यारं मांडणं. दर २० मिनिटांनी घंटी, घंटीला कामाची अदलाबदल. हत्यारघराची किल्लीही अशीच आठवड्याला हात बदलायची. ज्याच्या हाती किल्ली त्याचं सगळे ऐकतात, हे मुलींनाही एकदा कळायला हवं, असं त्या म्हणत.

ब्रिटिश इंजिनिअर बिअॅट्रिस शिलिंगचं नाव आम्ही बाईंकडूनच ऐकलं. दुसऱ्या महायुद्धातलं मर्लिन इंजिनाचं लढाऊ विमान एकदम खाली झुकवलं की कार्ब्युरेटरमध्ये नको तितकं पेट्रोल शिरायचं आणि इंजिन अडखळायचं. १९४१ साली शिलिंगने पेट्रोलच्या वाटेत भोक असलेली छोटीशी धातूची चकती बसवून ते आवरलं. बाई तशी चकती आमच्याकडून करून घ्यायच्या. भोक बरोबर मध्यावर आलं नाही तर पुन्हा.

२०१९ च्या मार्चमध्ये दोन महिला अंतराळवीरांचा एकत्र स्पेसवॉक बदलावा लागला. दोघींना बसेल असा अंतराळपोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग वापरायला तयार एकच होता. फक्त महिलांचा पहिला स्पेसवॉक अखेर ऑक्टोबरात क्रिस्टिना कोक आणि जेसिका मीर यांनी केला. मार्चची ती बातमी वाचली तेव्हा बाईंची हनुवटीखालची मूठ आठवली. व्हाइसचीच गोष्ट, फक्त चारशे किलोमीटर उंचीवरची.

आता कार्यशाळेत संगणक आहेत म्हणे. असोत बापडे. पण तिथेही माउस कोणाच्या हातात आणि वही कोणाच्या, हे कुणी पाहतं का? घंटी तरी ठेवली आहे का?

महोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या वस्तू मांडणार असल्याचं पत्रिकेत आहे. फळ्या माळ्यावर, मोडक्या ड्रिलच्या खोक्यामागे असतील. तीन आहेत. सगळ्यांत जाड फळीच्या कडेला पंचने 'नववी ब' ठोकलेलं आहे, त्यातला 'ब' थोडा तिरका आहे.