तीन महिन्यांची सरासरी

पंचेचाळिशी ओलांडली की लग्नकार्यात भेटणारी माणसं मुलांच्या मार्कांवरून हळूहळू स्वतःच्या रिपोर्टवर येतात. "तुझं एचबीएवनसी किती गं?" पगार विचारायला लाजणारे लोक हे अगदी बिनधास्त विचारतात, आणि उत्तरही खरं मिळतं.

एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट. माझं 6.1 आलं. 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून डायबेटीस आणि मधले आम्ही सगळे कुंपणावर. पूर्वी नुसती उपाशीपोटी शुगर बघायचे तेव्हा कसं सोप्पं होतं, आदल्या दिवशी भात नाही, गोड नाही, रात्री लवकर जेवून गप झोपायचं, की आकडा शहाण्यासारखा यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून पास व्हायची आपली जुनी सवयच ती. या टेस्टपुढे ते चालत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढे दिवस हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर अंगावर घेऊन फिरतात, म्हणजे गणपतीतले मोदक दिवाळीच्या तोंडावर केलेल्या टेस्टमध्ये हजर!

मग डाएट. 2018-19 च्या सुमारास आमच्या सोसायटीत सरळ दोन पंथ पडले होते, डाएट सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे. एकांचं दिवसातून दोनदाच, तेही 55 मिनिटांत आटपायचं, दुसऱ्यांचं थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं, वर साजूक तूप. कोण बरोबर ते सोडा, पण हळदीकुंकवाला डिश पुढे केली की एक म्हणणार माझी 55 मिनिटं संपली आणि दुसरी म्हणणार माझी आता वेळच झाली, यजमानीण बिचारी कावरीबावरी. आणि उपासाचं काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा, सोबत बटाट्याचेच पापड, आणि नको म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "अगं उपास आहे म्हणून काय उपाशी राहायचं?" यावर आहारशास्त्राकडेही उत्तर नसावं.

या सगळ्यातून टिकली ती शतपावली. ते रोजचे दहा हजार स्टेप्स म्हणतात ना, तो आकडा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरलेला, त्याचं मी मनावर घेत नाही. जेवण झालं की पार्किंगमध्ये दहा-पंधरा मिनिटं, बस. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी कमी होते. नवरा आधी हसायचा, आता तोही येतो, फक्त मोबाईलवर मॅच बघत चालतो आणि दोनदा तरी कुणाच्या तरी स्कूटरवर धडकतो.

सध्या घरात चर्चा आहे पुढची टेस्ट कधी करायची याची. तो म्हणतो, करून टाक एकदाची. पण आत्ता केली तर गणपती सापडणार, थोडं थांबले तर फराळ, मार्गशीर्षात लग्नं. पौषात लग्नं नसतात म्हणून तो बरा वाटला होता, तर संक्रांत नेमकी त्यातच, गूळपोळीसकट. आणि जूनमध्ये करावी म्हटलं तर मागे अख्खा हापूसचा सीझन उभा.